गाडीला बांधलेली वाळ्याची ताटी

आमच्या बाबांनी गाडी घेतली तेव्हा ती आधीच दोन मालकांच्या हाताखालून गेली होती, आणि दोघांनीही तिला फारसं प्रेमानं वागवलेलं दिसत नव्हतं. काळी, गोल पाठीची, पेट्रोलवर चालणारी. छिंदवाड्याच्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं ती विकायला काढली होती. बाबा पांढुर्ण्याच्या तहसील कचेरीत बाबू. आमच्या बौद्ध वस्तीत तोवर कोणाकडे स्कूटरसुद्धा नव्हती, त्यामुळे पहिले आठ दिवस लोक येऊन नुसते तिला हात लावून जात होते. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते आणि नोकरीचे अर्ज करत होते. त्या गाडीचा मला अभिमान होता. रागही होता, आणि तो जास्त होता, कारण उन्हाळा लागला की आमच्या घरात माणसांआधी गाडीची विचारपूस व्हायची.

गाडीचा एकच मोठा दोष होता. ती तापायची. हिवाळ्यात तिगाव स्टेशनापर्यंत जाऊन यायची, काही म्हणायची नाही. होळी झाली की तिचं डोकं फिरायचं. समोरच्या तापमानाच्या काट्यानं उजवीकडे मान टाकली की बाबांचाही चेहरा बदलायचा.

बाबांना गाडी शिकवली ती संत्र्याचे ट्रक चालवणाऱ्या एका ड्रायव्हरकाकांनी. उन्हाळ्यात गाडी कशी सांभाळायची तेही त्यांनीच शिकवलं. इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन गाडी मधेच बंद पडत नाही. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहायचा. चढ संपला की लगेच बंद करायची नाही, थोडी श्वास घेऊ द्यायची. रेडिएटर तापलेला असताना झाकणाला हात लावायचा नाही, मग कितीही घाई असो. बाबा हे सगळं कचेरीतल्या परिपत्रकासारखं पाळायचे.

मायनं मात्र एक स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं. रेडिएटर आतून तांब्या-पितळेचा असतो हे तिनं ऐकलं आणि म्हणाली, तांबं तर चिंचेनं निघतं. दोन दिवस चिंच भिजत घातली, पाणी गाळून घेतलं, आणि बाबांनी नाही-हो करत ते रेडिएटरमध्ये भरून गाडी थोडा वेळ चालू ठेवली. खालून जे निघालं ते पाहून मला जेवण गेलं नाही. त्यानंतर गाडी खरोखर बरी वागायला लागली. ड्रायव्हरकाकांनी मायला विचारलं की ही युक्ती कोणी सांगितली. माय म्हणाली, गंजानं सांगितली. आमच्याकडे गंज म्हणजे स्वयंपाकाचं मोठं भांडं, आणि आमचा गंज तांब्याचा होता.

माझी माय बालवाडीत मदतनीस होती. मुलांना आणायचं, पुसायचं, खिचडी शिजवायची. तिथल्या सेविकाबाई निवृत्त होणार होत्या आणि ती जागा मायला मिळण्यासारखी होती, फक्त मॅट्रिक पास असायला हवं होतं. मायनं चाळिशीत खाजगी विद्यार्थिनी म्हणून फॉर्म भरला. बाकीचे सगळे विषय ती पहिल्याच झटक्यात पास झाली आणि गणितात राहिली. राहिली ती गणितामुळे नाही, उन्हामुळे. परीक्षेचं केंद्र सौसरला. सकाळच्या बसनं ती गेली, चार तास शाळेच्या कुंपणाबाहेर उन्हात बसली, आणि दुपारी पेपर हातात आल्यावर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. अर्धा पेपर टाकून परत आली. बाबांनी गाडी घेतली त्यामागे निम्मं कारण हेच होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

वर्षभर मी तिला गणित शिकवलं. ती चांगली विद्यार्थिनी होती आणि मी वाईट मास्तरीण, कारण मी लवकर चिडायचे. हौदाला दोन नळ, एक भरतो, एक रिकामा करतो, असलं गणित आलं की ती पेन्सिल खाली ठेवायची. तिचं म्हणणं असं की ज्यांच्या वस्तीला एकच नळ आणि तोही सकाळी पाऊण तास, त्यांना हा दुसरा, पाणी वाया घालवणारा नळ पटणार कसा. तरी ती ते गणित शिकली. पेपरच्या आदल्या आठवड्यात तर तिनं माझीच एक चूक काढली.

आता बाबांच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रवासात बाबा कोणाच्याही दारात, कोणाच्याही विहिरीवर पाणी मागायचे नाहीत. पोराबाळांसाठी नाही, स्वतःसाठी नाही, गाडीसाठीही नाही. बाबा दहा वर्षांचे असताना आमच्या आजोबांसोबत संत्र्याची बैलगाडी घेऊन एका गावातून जात होते. भर दुपार होती. आजोबांनी एका घरी पाणी मागितलं. घरच्या माणसानं विचारलं, कोण तुम्ही. आजोबांनी सांगितलं. त्या माणसानं बैलांसाठी हौदात पाणी सोडलं आणि घराचं दार लावून घेतलं. बाबांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, अगदी सपाट आवाजात, आणि शेवटी म्हणाले की बैल मात्र पोटभर प्याले.

म्हणून गाडीत मागच्या बाजूला कायम पाण्याचे दोन डबे असायचे, गोड्या तेलाचे, पत्र्याचे, झाकणाला कापडाचा बोळा. शिवाय आमच्यासाठी एक कॅनव्हासची पाण्याची पिशवी. मी एकदा म्हणाले की कचेरीची जीप गावात गेली की लोक धावत पाणी आणतात, मग आपल्याला काय होतं. बाबा म्हणाले, "ते साहेबाच्या जीपले आणतात. माह्या गाडीले कोण आणते, कोण नाही, ते मले पाहाचंच नाही." गाडी थंड ठेवण्यासाठी त्यांचा जीव का वरखाली व्हायचा ते मला त्या दिवशी समजलं. गाडी तापली म्हणजे कोणाच्या तरी दारात उभं राहणं आलं.

पेपर वैशाखातल्या दुपारी दोनचा होता. घंटा झाली की फाटक बंद, हे मागच्याच वर्षी पाहिलेलं. बाबांनी मायला सांगून ठेवलं होतं की यावेळी तुले सावलीतून नेतो आणि सावलीत उतरवतो. पण नेमके त्याच दिवशी कचेरीत वरचे साहेब तपासणीला आले आणि बाबांना बारापर्यंत निघता आलं नाही. माय तयार होऊन खुर्चीवर बसली होती, मांडीवर कंपासपेटी, रुमालात बांधलेला कांदा. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे कांदा जवळ ठेवतात. मला ती शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी दिसली.

बाबा घरी आले ते हातात वाळ्याची ताटी घेऊनच. आमच्याकडे उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावतात, त्यांवर पाणी मारतात, आणि बाहेरची झळ आत येते ती गार वारा होऊन. कचेरीत साहेबांच्या खिडकीला नवी ताटी आली होती, जुनी बाबांनी मागून आणली. त्यांनी ती गाडीच्या तोंडाला बरोबर मापात कापली आणि सुतळीनं रेडिएटरच्या जाळीपुढे घट्ट बांधली. रात्रंदिवस विचार करून काढलेली युक्ती असावी, कारण बांधताना ते गुणगुणत होते. घराला जमतं ते गाडीला का जमणार नाही, असा त्यांचा हिशेब. मलाही तो पटला. खोटं कशाला सांगू, मी कौतुकच केलं.

सव्वाबाराला निघालो. गाडीचं तोंड हिरवट-तपकिरी दाढी लावल्यासारखं दिसत होतं आणि वस्तीतले लोक हसत होते. सुरुवातीला वाळ्याचा वास आत येत होता, फार छान वाटत होतं. मायनं डोळे मिटून सूत्रं पुटपुटायला सुरुवात केली. चार-पाच मैलांवर बाबांनी गाडी थांबवली, डबा काढला आणि ताटीवर पाणी मारलं. पुन्हा निघालो. काटा जरा वर आला होता. बाबांना वाटलं ताटी वाळली म्हणून. पुन्हा थांबले, पुन्हा पाणी. काटा आणखी वर. आता दर दोन मैलांवर आम्ही थांबत होतो, आणि जितकं पाणी मारावं तितकी गाडी तापत होती. पहिला डबा संपला. मोहगावचा फाटा मागे पडला तेव्हा दुसराही अर्धा झाला होता.

मी मागून म्हणाले की बाबा, पाणी रेडिएटरसाठी ठेवा. बाबा म्हणाले, "थंड राहिली तर रेडिएटरले लागतेच कशाले." एकदा त्यांनी असं म्हटलं की पुढे बोलण्यात अर्थ नसायचा. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

एक वाजून दहा मिनिटांनी, एका लहानशा गावाच्या तोंडाशी, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि गाडी उभी राहिली. सौसर अजून सातआठ मैल. बाबांनी दुसरा डबा उचलला. तो त्यांच्या हातात एकदम वर आला, इतका हलका होता. आमच्या पिण्याच्या पिशवीतलं तांब्याभर पाणी तेवढं उरलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बस यायला दोन तास होते.

बाबा बॉनेट उघडून उभे राहिले. रस्त्यापासून पन्नास पावलांवर एक घर होतं, घरापुढे विहीर, विहिरीवर लाकडी रहाट. मी बाबांकडे पाहिलं, बाबा विहिरीकडे पाहतच नव्हते. ते पंख्याचा पट्टा तपासत होते. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. मी म्हणाले, मी जाते. ते म्हणाले, नको. मी म्हणाले की मायचं वर्ष जाईल. ते पुन्हा पट्टा दाबून पाहायला लागले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि मला त्या क्षणी त्यांची दयाही आली आणि त्यांना हलवावंसंही वाटलं. आपल्या अपमानापायी हा माणूस आपल्या बायकोचा पेपर बुडवणार, असं स्पष्ट माझ्या मनात आलं.

मायनं कंपासपेटी सीटवर ठेवली आणि खाली उतरली. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली. ताटीमागे हात घातला, मग पदराचं टोक ताटीपुढे धरलं आणि बाबांना गाडी क्षणभर चालू करायला सांगितली. पंखा फिरला, पण पदर हलला नाही. तिनं कांदे चिरायची सुरी मागितली, जी आमच्या जेवणाच्या डब्यासोबत होती, आणि सुतळ्या कापून ताटी रस्त्याच्या कडेला टाकली. पुन्हा पदर धरला. तो सरळ आत जाळीला जाऊन चिकटला.

"हे भिजून फुगलं," ती म्हणाली. "गाडीले वाराच भेटून नाही राहिला. तुम्ही तिचं नाक बांधलं होतं."

बाबांनी गाडी बंद केली. किती वेळ ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले कोण जाणे, मला तो फार वाटला, पण दोन मिनिटांहून जास्त नसणार. मग ते उतरले, दोन्ही रिकामे डबे उचलले आणि त्या घराकडे चालायला लागले. मी मागे गेले. माय गाडीजवळच थांबली.

ओसरीवर एक बाई धान्य पाखडत होत्या, मायच्याच वयाच्या. त्यांच्या मागे बाजेवर एक म्हातारे गृहस्थ पडले होते. बाबा अंगणाच्या कडेला थांबले. आत एक पाऊलही टाकलं नाही.

"पाणी पाहिजे होतं," बाबा म्हणाले.

"प्यायले का गाडीले?" बाईंनी विचारलं.

बाबा म्हणाले, गाडीला. आणि लगेच, कोणी न विचारता, म्हणाले, "पहिलेच सांगतो, बाई. आम्ही बौद्ध आहो."

बाजेवरचे म्हातारे उठून बसले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, उठले आणि घरात निघून गेले. बाबांनी ते पाहिलं. मीही पाहिलं. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी सुपातले खडे निवडून बाजूला टाकले.

"मंग घ्या ना," त्या म्हणाल्या. "दोर तिथंच हाय. पाणी बहुत खाली गेलं, दोघं मिळून ओढा."

आम्ही दोघं मिळून ओढलं. बाबांचे हात सारखे दोरावरून घसरत होते, म्हणून मी पुढे झाले. बादली वर आली की बाबा ती डब्यात ओतायचे, एक थेंब बाहेर न सांडता. तोंड कोरडं पडलं होतं त्यांचं, मला ओठ दिसत होते, पण त्यांनी ओंजळ पुढे केली नाही. मी प्याले. खूप गार होतं पाणी. बाईंनी एकदाच डोकं वर करून विचारलं की कुठे निघालात, आणि मी सांगितलं की मायचा मॅट्रिकचा पेपर आहे. त्या थोडा वेळ सूप तसंच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "कायचा?" मी म्हटलं, गणिताचा. "जा लौकर मंग," एवढंच म्हणून त्या पुन्हा पाखडायला लागल्या.

गाडीजवळ येऊन बाबांनी झाकणावर ओलं फडकं टाकलं, थांबले, पुन्हा टाकलं. मायनं घड्याळ विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शेवटी झाकण उघडलं. गाडी हळू चालू ठेवून त्यांनी बारीक धारेनं पाणी भरलं, शिकवलं होतं अगदी तसं. निघालो तेव्हा दीड वाजून गेला होता. जामसांवलीच्या मारुतीला पायी निघालेले लोक रस्त्याकडेच्या झाडांखाली बसले होते, त्यांनी हात हलवला, आणि माय त्यांच्याकडे पाहून हसली. काटा मधोमध उभा राहिला तो सौसरपर्यंत हलला नाही. दोनला पाच कमी असताना माय फाटकातून आत गेली. सावलीत उतरवायचं बाबांनी कबूल केलं होतं, पण फाटकापाशी सावली नव्हती. ते उतरून तिच्या आणि उन्हाच्या मधे उभे राहिले.

त्या पेपरात ती पास झाली हे आत्ताच सांगून टाकते, उगाच ताणण्यात मला गंमत वाटत नाही. हौदाचं गणित आलं होतं आणि ते तिनं सोडवलं. पुढे बारा वर्षं ती सेविका होती.

परत निघालो तेव्हा पाच वाजले होते, ऊन उतरलं होतं. माय पुढच्या सीटवर बसून एकेक उत्तर मला सांगत होती आणि मी मागून बरोबर, बरोबर म्हणत होते.  दोन्ही डबे काठोकाठ भरलेले होते, शाळेच्या नळावरून बाबांनी स्वतः भरून घेतले होते. कॅनव्हासची पिशवीही भरलेली होती. गाडी सुरेख चालली होती. मी खिडकीची काच खाली करून केस सोडले होते आणि मला वाटत होतं की असाच घरापर्यंत वारा लागत राहावा.

त्या गावाशी आल्यावर बाबांनी गाडी हळू केली आणि रस्त्याच्या कडेला घेतली.

मायनं वाकून काट्याकडे पाहिलं. "काहून थांबले? तापली का?"

"गाडी नाही तापली," बाबा म्हणाले. "मले तहान लागून राहिली."

पिशवी त्यांच्या हाताशीच लटकत होती. मायनं तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी शर्टाची वरची गुंडी लावली, दार उघडलं, आणि रिकाम्या हातांनी त्या घराकडे चालत गेले. या वेळी ते अंगणाच्या कडेला थांबले नाहीत.